‘पास आउट’ : पदवी, परेड की भोवळ?

फ्रेझल व्हर्ब म्हणजे एक क्रियापद, त्याला चिकटलेला एक छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून होणारा तिसराच अर्थ. आज एकच जोडी घेऊ : ‘पास आउट’.

ही आपण मराठीतही सर्रास वापरतो. ‘ती यंदा पास आउट झाली’, ‘आमची २०१९ची पासआउट बॅच’. आता हेच इंग्रजीत म्हणून बघा : ‘आय पास्ड आउट इन २०१९.’ लंडन-न्यूयॉर्ककडचा माणूस हे ऐकून बुचकळ्यात पडेल. त्याला ऐकू येतं, ‘२०१९ साली मी बेशुद्ध पडलो!’

कारण त्यांच्याकडे सगळ्यात रुळलेला अर्थ तोच आहे : शुद्ध हरपणे. उन्हात उभं राहून भोवळ आली, रक्त बघून डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शुद्ध गेली, की ‘शी पास्ड आउट’. दारू जास्त होऊन आडवा झाला, तरी हेच.

मग आपला अर्थ आला कुठून? तो सैन्याच्या वापराजवळचा आहे. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं म्हणजे ‘पास आउट’. खडकवासल्याला एनडीएमध्ये तीन वर्षांचं प्रशिक्षण संपलं की ‘पासिंग आउट परेड’ होते. मराठी वर्तमानपत्रं त्याला दीक्षान्त संचलन म्हणतात. तिथे हा शब्द अगदी चोख आहे. भारतात तो कॉलेजलाही लागू झाला, एवढंच. म्हणून त्याला सरसकट चूक म्हणू नका. आपल्याकडे समोरच्याला तो बरोबर कळतो.

तिसरा अर्थ : वाटणे. ‘टीचर पास्ड आउट द पेपर्स.’ बाईंनी पेपर वाटले. इथे एक खूण लक्षात ठेवा. काय वाटलं, याचं उत्तर वाक्यात आहे, म्हणजे कर्म आहे. ते मध्येही येतं : ‘पास द पेपर्स आउट’. सर्वनाम असेल तर मध्येच येतं : ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ होत नाही. बेशुद्ध पडण्याला मात्र कर्म नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘पास आउट’ आणि ‘पास अवे’ यांची गल्लत करू नका. ‘पास्ड अवे’ म्हणजे वारले. समजा, तुम्ही परदेशात मुलीकडे गेला आहात, घरात कुणी चक्कर येऊन पडलं, तुम्ही अँब्युलन्सला फोन लावलात आणि घाईत ‘ही पास्ड अवे’ म्हणालात, तर पलीकडे समजेल की माणूस गेला. तिथे म्हणायचं, ‘ही पास्ड आउट’. आणि श्वास चालू असेल तर लगेच पुढे, ‘ही इज ब्रीदिंग’. एका छोट्या शब्दावर एवढं अवलंबून असतं.

मुलाखतीत काय म्हणाल? ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९.’ शाळेबद्दल, ‘आय फिनिश्ड स्कूल.’ हे जगात कुठेही कळतं. मराठीत बोलताना ‘पासआउट’ खुशाल म्हणा. इंग्रजीत मात्र आधी ऐकणारा कोण आहे ते बघा, मग शब्द निवडा.