रक्ताच्या गुठळ्या आणि प्रतिपिंडांची तपासणी : एका अहवालावरून निष्कर्ष नको

एखाद्या घरात पाळणा हलण्याची वाट पाहिली जाते आणि दोनदा, तीनदा पदरी निराशाच येते. सोनोग्राफीत दोष दिसत नाही, कारण सापडत नाही आणि हळूहळू घरातील व शेजारपाजारची बोटे त्या सुनेकडेच वळू लागतात. दुसऱ्या एखाद्या घरात पस्तिशीतील धडधाकट पुरुषाला अचानक पक्षाघाताचा झटका येतो. ना मधुमेह, ना रक्तदाब. ही दोन दुःखे वरवर पाहता वेगळी आहेत. परंतु कधी कधी त्यांचे मूळ एकच असते, आणि ते रक्ताच्या तपासणीतून कळू शकते. या तपासणीविषयी आपल्या वाचकांना नेमकी माहिती असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडीज, तयार करीत असते. काही व्यक्तींमध्ये ही संरक्षक यंत्रणा आपपर भाव विसरते आणि स्वतःच्याच शरीरातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ व त्यांना चिकटणारी प्रथिने यांच्याविरुद्ध अशी प्रतिपिंडे निर्माण झाली, तर रक्तवाहिन्यांचे अस्तर व प्लेटलेट पेशी विनाकारण चेतवल्या जातात आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. गुठळी पायाच्या शिरेत झाली तर पाय सुजतो, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर पक्षाघात होतो. गरोदर स्त्रीच्या वारेला इजा झाली, तर गर्भाचे पोषण खुंटते. या विकाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असे म्हणतात. लंडन येथील डॉ. ग्रॅहॅम ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याचे स्पष्ट वर्णन केले. त्यामुळे तो ह्यूज सिंड्रोम या नावानेही ओळखला जातो.

तीन तपासण्या

या विकाराच्या निदानासाठी तीन तपासण्या केल्या जातात. पहिली अँटिकार्डिओलिपिन आणि दुसरी अँटि-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन-१. या दोहोंत प्रतिपिंडांचे प्रमाण मोजले जाते व अहवालात आयजीजी आणि आयजीएम असे दोन आकडे येतात. साधारणतः ४० एककांच्या वरच्या आकड्याला महत्त्व दिले जाते. आकडा जेमतेम वाढलेला असेल, तर त्यातून बहुधा काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी तपासणी ल्यूपस अँटिकोॲग्युलंटची. हे नाव दुहेरी फसवे आहे. ही प्रतिपिंडे असलेल्या सर्वांना ल्यूपस हा आजार असतोच असे नाही. आणि अँटिकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारे, असा अर्थ असला तरी शरीरात घडते ते नेमके उलट. परीक्षानळीत रक्त गोठण्यासाठी फॉस्फोलिपिड लागते. प्रतिपिंडे तेच अडवून धरतात, म्हणून नळीतील रक्त उशिरा गोठते. शरीरात मात्र हीच प्रतिपिंडे गुठळ्यांना कारण होतात. या तपासणीच्या एका प्रमुख पद्धतीत घोणस सापाचे अत्यंत विरल केलेले विष वापरले जाते. घोणशीच्या दंशाने रक्ताची काय अवस्था होते, हे आपल्याकडील शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. त्या विषातील एक घटक रक्त गोठण्याची प्रक्रिया थेट मध्यापासून सुरू करतो; मग रक्त गोठण्यास किती सेकंद लागतात हे मोजले जाते. जीवघेण्या विषाचा असाही उपयोग शास्त्रज्ञांनी करून घेतला आहे.

बारा आठवड्यांचा धीर

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, एकदा आलेला पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे आजार नव्हे. साध्या संसर्गानंतर किंवा काही औषधांमुळेही ही प्रतिपिंडे काही काळ रक्तात दिसतात आणि नाहीशी होतात. निरोगी माणसांपैकीही काहींमध्ये ती आढळतात. म्हणून किमान १२ आठवड्यांच्या अंतराने तीच तपासणी पुन्हा करणे आवश्यक मानले जाते. पूर्वी हे अंतर ६ आठवड्यांचे होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत ते वाढविण्यात आले. दोन्ही वेळा प्रतिपिंडे आढळली आणि जोडीला गुठळी किंवा गर्भावस्थेतील गंभीर गुंतागुंत असेल, तरच निदान पक्के होते. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांना धोका सर्वाधिक असतो.

हेपरिन, वॉरफरिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या यांमुळे ल्यूपस अँटिकोॲग्युलंटचा अहवाल चुकू शकतो. म्हणून आपण कोणते औषध घेत आहोत, हे रक्त देण्यापूर्वी अवश्य सांगावे. मात्र तपासणीसाठी आपल्या मनाने औषध बंद करू नये.

एक नाजूक बाब येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. गरोदरपणात केल्या जाणाऱ्या व्हीडीआरएल या उपदंशाच्या तपासणीतही कार्डिओलिपिन वापरले जाते. त्यामुळे प्रस्तुत प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीची ही तपासणी उपदंश नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचएसारखी खात्रीची तपासणी होण्यापूर्वीच पतिपत्नींमध्ये संशयाचे विष कालवले जाणे, हा त्या स्त्रीवर घोर अन्याय होय.

तपासणी कोणी करावी?

तरुण वयात सबळ कारणाविना गुठळी किंवा पक्षाघात झाला असेल, वारंवार गर्भपात झाले असतील, १० आठवड्यांनंतर निरोगी दिसणारा गर्भ दगावला असेल, तीव्र रक्तदाबामुळे ३४ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागली असेल किंवा ल्यूपसचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांशी या तपासणीविषयी बोलावे. कोणतीही तक्रार नसताना केवळ कुतूहलापोटी ती करून घेऊ नये. हाती येईल ती निष्कारण चिंताच.

निदान झाल्यास मार्ग आहे. गुठळी होऊन गेलेल्यांना बहुधा दीर्घकाळ वॉरफरिन घ्यावे लागते. विशेषतः तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी नव्या गोळ्यांपेक्षा तेच सुरक्षित ठरले आहे. वॉरफरिन गर्भाला अपायकारक असल्याने गर्भावस्थेत अल्प मात्रेतील ॲस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शने दिली जातात. हेपरिन वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशा उपचारांनी बहुसंख्य मातांची कूस उजवते.

ज्या माउलीने आपली बाळे गमावली, तिला आधीच अपार दुःख असते. दोष तिच्या आहारविहाराचा, कष्टांचा किंवा नशिबाचा नसून रक्तातील एका विकाराचा असू शकतो, आणि त्या विकारावर उपाय आहे, हे तिच्या घरच्यांनी जाणून घ्यावे. तपासणीला तिच्यासोबत जावे आणि त्या बारा आठवड्यांच्या प्रतीक्षेत तिला एकटे पडू देऊ नये.