विवरणपत्र एजंटाने भरले, नोटीस करदात्याला

जुलै महिना लागला की शहरातील कार्यालयांमध्ये एक संवाद हमखास कानी पडतो. 'रिटर्न कोणाकडून भरतोस? माझा माणूस चांगला रिफंड काढून देतो.' हा 'माझा माणूस' कधी सनदी लेखापाल असतो, कधी एखाद्या लेखापालाकडे पूर्वी काम केलेला कारकून, तर कधी नुसताच ओळखीतला कोणी. फॉर्म १६ व पासवर्ड त्याच्या हवाली करायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला फोनवर सांगायचा, की वर्षभरासाठी डोक्याचा ताप गेला, अशी बहुतेकांची समजूत असते.

वास्तविक तो ओटीपी म्हणजेच करदात्याची स्वाक्षरी. विवरणपत्रातील माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी व परिपूर्ण असल्याचे प्रतिज्ञापन त्याद्वारे करदाता स्वतः करीत असतो. त्यामुळे पुढे चूक आढळल्यास कर, व्याज आणि दंड यांची मागणी त्याच्याकडेच होते. 'मी वाचले नव्हते, एजंटाने भरले' एवढ्याने ती टळत नाही.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून १५० ठिकाणी पडताळणीची मोहीम हाती घेतली, ती अशाच मध्यस्थांमुळे. घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जावरील व्याज, आरोग्य विमा अशा खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून दिले जात होते. यात बहुराष्ट्रीय कंपन्यांतील व सरकारी नोकरही होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतल्याचे मंडळाने तेव्हा सांगितले होते.

हिशेब साधा आहे. समजा, खोट्या वजावटींमुळे ४० हजार रुपये जादा परतावा मिळाला आणि एजंटाने त्यातले ४ हजार घेतले. प्रकरण उघडकीस आल्यावर ४० हजार व्याजासह परत करावे लागतात. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास बुडालेल्या कराच्या २०० टक्के, म्हणजे ८० हजार रुपये दंड वेगळा. केवळ उत्पन्न कमी दाखवले गेले असेल, तर हा दंड ५० टक्के असतो. जाणूनबुजून खोटे विवरण दिल्यास कारावासाचीही तरतूद आहे. तशी ती चिथावणी देणाऱ्या एजंटासाठीही आहे. पण त्याच्यावर खटला झाला म्हणून करदात्याची थकबाकी माफ होत नाही.

प्रामाणिक चुकीला मात्र कायदा अगदीच निष्ठुर नाही. प्राइस वॉटरहाउस कूपर्स या विख्यात सल्लागार संस्थेच्या स्वतःच्याच विवरणपत्रात ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचे सुमारे २३ लाख ७० हजार रुपये उत्पन्नात मिळवायचे राहून गेले होते. ही वजावट मिळत नसल्याचे सोबतच्या लेखापरीक्षण अहवालात मात्र स्पष्ट नमूद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही अनवधानाने झालेली चूक मानून दंड रद्द केला. इतरांना सल्ला देणाऱ्यांचीही अशी गत होऊ शकते! पण तेथे काही दडवलेले नव्हते. न दिलेल्या देणगीची वजावट घेणाऱ्याला या निकालाचा आधार मिळणे कठीण.

विवरणपत्र नुसते भरून देण्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही, ही खरी मेख आहे. सनदी लेखापालाविरुद्ध त्यांच्या संस्थेकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. टेबल टाकून बसलेल्या एजंटाविरुद्ध दाद कोठे मागणार? तेव्हा पाठवण्यापूर्वी पूर्ण विवरणपत्राची प्रत मागून घ्यावी, प्रत्येक वजावटीची पावती आपल्याजवळ आहे का ते पाहावे आणि पोर्टलवरील २६ एएस व वार्षिक माहिती विवरणाशी आकडे ताडून पाहावेत. परताव्याच्या टक्केवारीवर मेहनताना मागणाऱ्याला नमस्कार करावा.

चूक आधीच झाली असल्यास मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येते. ती टळून गेल्यावर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो. त्याची मुदत २०२५ मध्ये दोनवरून चार वर्षे करण्यात आली. हा अतिरिक्त भार उशिरानुसार २५ ते ७० टक्के असल्याने थांबण्यात नुकसानच आहे.

पोर्टलवर नोंदवलेला ई-मेल आपलाच आहे ना, हेही आजच पाहावे. एजंट तात्पुरते ई-मेल पत्ते उघडून शेकडो विवरणपत्रे भरतात व नंतर ते सोडून देतात. नोटिसा तेथे न वाचताच पडून राहतात, असे मंडळालाच आढळले आहे. थकबाकी पुढील वर्षाच्या परताव्यातून वळती करण्याची मुभा खात्याला आहे, आणि त्याची पूर्वसूचनाही त्याच पत्त्यावर जाते.