ॲपच्या दुकानाची वेस

मोंढा, आडत हे शब्द हिमायतनगरच्या मुलांना नवे नाहीत. ॲपचे दुकान त्यांच्याच आधारे समजावू या. प्रत्येक ॲपवर डिजिटल सही असते. वाटेत एक अक्षर जरी बदलले, तरी सही जुळत नाही आणि फोन ते ॲप नाकारतो. पण ॲप निरुपद्रवी आहे का, हे सहीवरून कळत नाही. ती तपासणी दुकानदार करतो आणि विक्रीवर आडतही घेतो. अँड्रॉइडवर आपण परवानगी देऊन दुकानाबाहेरचे ॲप घेऊ शकतो. भारतात आयफोनच्या सामान्य ग्राहकाला मात्र ॲपलचे दुकान हीच एक वेस. आडतीच्या वादातून मार्च २०२४ मध्ये गूगलने मुंबईच्या ‘शादी डॉट कॉम’सह काही भारतीय ॲप दुकानातून काढली आणि काही दिवसांत परत ठेवली. पहारा हवाच, पण वेस एकच असली, की पहारेकरी मागेल ती जकात द्यावी लागते. पहारा राखून दुसरी वेस कशी काढावी, हे मुलांना विचारून पाहू या.