कलमापासून जनुकापर्यंत

रत्नागिरीच्या हापूस आंब्याला निसर्गाचे वरदान म्हणण्याची प्रथा आहे. परंतु ते अर्धसत्य होय. हापूसची कोय पेरली तर हापूसच मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधावी लागते. उत्तम झाडाचे आनुवंशिक गुण पिढ्यान् पिढ्या टिकविण्याची ही मानवी युक्ती पोर्तुगीज अमदानीपासून या किनाऱ्यावर रुजली आहे. तेव्हा ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ एवढ्या एका वाक्याने जनुकीय अभियांत्रिकीचा निकाल लावणे निदान कोकणाला तरी शोभणार नाही. कोणता बदल करावा, तो कोणी तपासावा आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यावी, हे खरे प्रश्न आहेत.

हापूसमध्ये साका धरतो. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर निघतो आणि बागायतदाराची पत जाते. शिवाय हे झाड बहुधा एक वर्षाआड भरघोस फळते. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका नाही व ती दरवर्षी फळते. १९९२ साली रत्ना व हापूस यांच्या संकरातून अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. तरीही बाजाराचे मन हापूसवरून ढळले नाही. संकरात एका दोषाबरोबर इतर असंख्य गुणांचीही फेरमांडणी होते आणि ग्राहकाला हवा असतो तो नेमका जुनाच स्वाद. जनुकीय अभियांत्रिकीचे आकर्षण येथेच आहे. सारे गुण राखून एकच दोष काढण्याची आशा ती दाखविते.

ही आशा पोकळ नाही. जिवाणूंकडून तयार करविलेले मानवी इन्सुलिन १९८२ पासून मधुमेही रुग्णांना मिळू लागले. हवाई बेटांवरील पपईच्या बागा विषाणूने उद्ध्वस्त होत असताना १९९८ साली जनुकबदल केलेल्या जातीने त्या सावरल्या. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यांतील एक क्षारयुक्त जमिनीत तग धरावी म्हणून सिद्ध केलेली आहे. खाडीकाठची खाजणे खाऱ्या पाण्याने नापीक होताना पाहणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला याचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु नाण्याची दुसरी बाजू विदर्भाने पाहिली आहे. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, हे नाकारता येणार नाही. मात्र भोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम बहुतांशी कागदावरच राहिला आणि गुलाबी बोंडअळीने त्या विषाला दाद देणे सोडले. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले, तरी २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भातील शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतला. म्हणजे पंधरा वर्षांत कीड शास्त्राच्या पुढे गेली.

येथे रत्नागिरीने एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कापसाचे बियाणे फसले तर पुढच्या हंगामात ते बदलता येते. आंब्याचे कलम फळावर येण्यासच कित्येक वर्षे लागतात आणि पुढे ते अनेक दशके उभे राहते. मोहोरावरील तुडतुड्यांना मारणारे जनुक उद्या हापूसमध्ये घातले, तर फवारणीचा खर्च आरंभी वाचेलही. पण झाड ऐन उमेदीत असतानाच कीड त्या जनुकाला पचवून बसण्याचा धोका मोठा आहे. उलट, साका टाळण्यासाठी हापूसच्याच एखाद्या जनुकात केलेल्या दुरुस्तीला किडीच्या अशा प्रतिकाराचे भय नाही. ‘जनुकबदल’ हे एकच नाव असले, तरी दोन्हींची जोखीम एका मापाने मोजता येत नाही.

परागाची भीतीही नीट तपासली पाहिजे. शेजारच्या झाडाच्या परागाने हापूसचा गर बदलत नाही. बदलते ती कोय. त्यामुळे हापूसच्या स्वादाला धोका नाही. पण रायवळ आंबा कोयीपासूनच वाढतो आणि कलमाची खुंटेही त्याच कोयींतून येतात. परसातील व रानातील ही रायवळ झाडे आंब्याच्या विविधतेचे भांडार आहेत. त्यात शिरलेले जनुक मागे घेण्याचा उपाय नाही.

मालकीचा प्रश्नही लहान नाही. हापूसच्या जनुकसंचाचा आराखडा २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचा सुधारित अवतार उद्या कोणा कंपनीच्या पेटंटखाली आला, तर त्याला हापूस म्हणावयाचे काय, आणि कलम बांधणाऱ्या शेतकऱ्याने त्याची काडी कोणाला विचारून घ्यावयाची? मार्च २०२२ मध्ये केंद्राने परकीय जनुक नसलेल्या संपादित पिकांना १९८९ च्या काही नियमांतून सूट दिली. वर्षायू पिकांना ती मानवेलही. दीर्घायुषी फळझाडांसाठी तेवढ्यावर विसंबणे धाडसाचे होईल.

दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याला अनुभव आहे, बागायतदारांपाशी निरीक्षण आहे. संशोधन सार्वजनिक संस्थेत व्हावे, चाचण्यांचे निष्कर्ष मराठीतून गावोगाव मांडले जावेत, रायवळाच्या जातींचे जतन आधी व्हावे आणि नवे कलम बांधण्याचा शेतकऱ्याचा हक्क अबाधित राहावा. एवढी पथ्ये पाळली, तर या शास्त्राला भिण्याचे कारण नाही. ती न पाळता केलेल्या घाईची किंमत मात्र पुढच्या पिढीच्या बागांना मोजावी लागेल.