शिकले किती, कामाला लागले किती?

गावात तरुणांना धंदा शिकवणारी योजना आली, की पहिला प्रश्न येतो, "जागा किती?" मंडळी, खरा प्रश्न त्याच्या पुढचा. शिकून बाहेर पडलेल्यांपैकी कामाला लागले किती?

15 ऑगस्ट 1979 रोजी केंद्र सरकारने 'ट्रायसेम' योजना सुरू केली. खेड्यातल्या गरीब घरच्या, 18 ते 35 वयाच्या तरुणांना धंदा शिकवावा, विद्यावेतन द्यावे आणि कर्जाची सोय करून पायावर उभे करावे, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण 1993 साली सरकारनेच पाहणी केली, तेव्हा शिकलेल्यांपैकी शेकडा 47 जण बेकारच आढळले. 1999 साली ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली.

यातून काय घ्यावे? एक, आधी मागणी पाहा. ज्या गावाला दोन शिंपी पुरतात, तिथे वीस जणांना शिवण शिकवून काय होणार? दोन, दाखला हाती पडला म्हणजे संपले नाही. वर्षाने घरोघर जाऊन पुन्हा विचारा. तीन, न शिकलेल्या सोबत्यांकडेही बघा. त्यांनाही तितकेच काम मिळाले असेल, तर ते यश योजनेचे कसे म्हणावे?

गुरुजी, याला एक साधी वही पुरते. शिकलेल्यांची नावे लिहा, वर्षाने नावापुढे काम लिहा. किती नावांपुढची जागा कोरी राहिली, तो आकडा ग्रामसभेत सांगा. पैसा एकवेळ पुन्हा उभा राहील. तरुणाचे वाया गेलेले वर्ष कुठून आणायचे?