शोगुन, तांदूळ आणि तापीकाठचा किल्ला

“दिवसभर पोरगा कॉम्प्युटरवर मारामाऱ्या करतो,” ही तक्रार सुरतेत आमच्या लिंबायत-उधन्याच्या मराठी घरांतूनही ऐकू येते. खेळ ‘टोटल वॉर: शोगुन २’ असेल, तर ती अर्धीच खरी. २०११ साली आलेल्या या खेळात लढाई डोळ्यांदेखत होते, पण राज्याचा कारभार आळीपाळीने, डावाडावाने चालतो. एक डाव म्हणजे एक ऋतू. चार डावांचं वर्ष. सुरुवात १५४५ सालच्या जपानातून, जिथे सरदार आपसांत लढताहेत आणि सगळ्यांचा डोळा क्योटोवर आहे. तिजोरी मोजायची ती ‘कोकू’त. एक कोकू म्हणजे एका माणसाला साधारण वर्षभर पुरेल इतका तांदूळ. मोठे किल्ले आणि बाजार बांधत सुटलं की धान्य कमी पडतं, रयत बिथरते आणि शत्रू वेशीवर येण्याआधीच डाव हातचा जातो. पोरगा मारामारीपेक्षा शेतसाऱ्याचा हिशेब जास्त करत असतो.

सामुराई म्हणजे तलवार, हा समज सिनेमांनी पक्का केला. रणांगणावर भिस्त होती धनुष्यावर आणि भाल्यावर. खेळातही सुरुवातीला अशिगारू भालेकरी, म्हणजे साधं पायदळच तारतं.

सगळ्यात चिवट गैरसमज बंदुकीचा. सामुराईंनी म्हणे तिला कमी लेखून हातच लावला नाही! खरं तर १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुका पाहून जपानी कारागीर थोड्याच वर्षांत तशाच घडवू लागले. १५७५ साली नागाशिनोच्या लढाईत सरदार ओदा नोबुनागाने ताकेदा घराण्याचा पराभव केला, त्यात या बंदुकांचा मोठा वाटा होता.

सुरतेत चौक बाजाराजवळच्या किल्ल्यापाशी मला १५४३ हे साल हटकून आठवतं. तोही साधारण त्याच दशकातला. पोर्तुगीजांनी सुरत पुन्हापुन्हा लुटली, जाळली, म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकमावरून खुदावंद खानाने तो उभारला. तिकडे ज्यांच्या बंदुकांचं अप्रूप, त्यांच्याच धास्तीने इथे तट चढत होते.

पुढे जपानने सगळी दारं लावून घेतली, हेही पुरतं खरं नाही. १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर डच कंपनी व्यापार करत होती. त्याच कंपनीची वखार सुरतेत १६१६ पासून होती. तिच्या जहाजांतून जपानचं तांबं सुरतेच्या बाजारात येई आणि भारतातलं छापील सुती कापड जपानात जाई. तिथे त्याला ‘सारासा’ म्हणत. ज्या शहराचं पोट आजही कापडावर चालतं, तिथल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

कतारगामला डचांची जुनी घुमटाकार थडगी अजून उभी आहेत. येत्या रविवारी पोराला खेळावरून उठवायचंच असेल, तर त्याला तिथे घेऊन जा.