तेरा हजार नाणी, एक नहपान

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली सुमारे १३,२५० नाणी तपासली. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. एकाच राजाच्या इतक्या प्रतिमा हाती लागल्यावर त्याचा चेहरा उभा करणं सोपं जायला हवं होतं. घडलं उलटंच. कुठे मान आखूड, कुठे लांब. कुठे नाक सरळ, कुठे बाकदार. एका नाण्यावर गालफडं बसलेली, तर दुसऱ्यावर चेहरा चांगला भरलेला. घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांनी आपापले चेहरे छापले आणि नाव तेवढं नहपानाचं ठेवलं, असा तर्क शेवटी स्कॉट यांनी केला.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हा राजा परका वाटेल, पण आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात, त्याचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. वर्ष ४६, आणि नहपानाचं बिरुद महाक्षत्रप. यातली ‘क्षत्रप’ ही पदवी मुळात इराणच्या हखामनी साम्राज्यातल्या प्रांताधिपतींची. शकांबरोबर ती सह्याद्रीत पोहोचली. नहपानाचा जावई उषवदात याची दानं नाशिक आणि कार्ल्याच्या लेण्यांत कोरलेली आहेत. सासऱ्याचा पुतळा मात्र कुठेच मिळालेला नाही. चेहऱ्यासाठी भिस्त फक्त नाण्यांवर.

हे नाणं जेमतेम दीड सेंटिमीटर व्यासाचं, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला उजवीकडे पाहणारं, पट्ट बांधलेलं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं. भाषा मात्र ग्रीक नाही. ‘रञो खहरातस नहपानस’ हेच प्राकृत शब्द ग्रीक लिपीत बसवलेले. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत. कारागीर ठशावर चेहरा उलटा आणि खोलगट कोरायचा; मग ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून हातोड्याचा घाव. ठसे झिजत, तडकत, आणि नवे कोरावे लागत. कोरणाऱ्याने राजाला पाहिलेलं असेलच असं नाही. बहुधा समोर आधीचं नाणं असे. ग्रीक अक्षरं जिथे नकलेत बिघडत गेली, तिथे नाक कसं शाबूत राहील? शिवाय या प्रतिमांवर रोमन नाण्यांची छाप अभ्यासकांना दिसते. भडोचच्या बंदरात रोमन चांदी उतरत होतीच.

मग हे फरक वयाचे असतील का? शिलालेखांत ४१ ते ४६ ही वर्षं येतात. ती राज्यवर्षं मानली तर कारकीर्द दीर्घ ठरते, आणि तरुण नहपान, म्हातारा नहपान अशी वाटणी करायचा मोह होतो. पण या नाण्यांवर वर्षच नाही, त्यामुळे ती क्रमाने लावता येत नाहीत. पुढच्या क्षत्रपांनी चेहऱ्यामागे शकवर्ष कोरायला सुरुवात केली, म्हणून त्यांच्या बाबतीत वय आणि चेहरा ताडून पाहता येतो.

साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला आहे: एका बाजूला डोंगरासारखी तीन कमानींची खूण, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. काही नाण्यांवर नव्या खुणेखालून जुन्या चेहऱ्याचा एखादा भाग अजून दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या, त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचं अभिमानाने नोंदवलं आहे. वंश संपवला, चांदी मात्र वितळवत न बसता तशीच चालवली. पुढे सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे चेहरेही आणले, तेही क्षत्रपांच्याच धर्तीवर. यज्ञ सातकर्णीचं असं एक नाणं भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं.

मग नहपानाचं चित्र काढायचं कसं? जे ठशामागून ठशात टिकून राहतं, म्हणजे पट्ट आणि मस्तकाची राजेशाही ठेवण, ते राजपदाचं म्हणून खात्रीने काढावं. जे ठशागणिक बदलतं, ते नाक, कपाळ, मान, कोरणाऱ्याच्या हातचं असण्याचीच शक्यता जास्त. त्या सगळ्यांची सरासरी काढली तर कधीच नसलेला माणूस तयार होईल. त्यापेक्षा निरनिराळ्या ठशांवरचे चेहरे शेजारी शेजारी मांडावेत. त्या काळच्या प्रजेनेही राजा याच चेहऱ्यांतून पाहिला, आणि नाणं खरं मानायला तिला एकाच नाकाची गरज पडली नाही.